क्रिस्टीचा खोका

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली ती लाव्होन आज ॲरिझोनाच्या वाळवंटात माझ्या शेजारीच गाडी लावून राहते. शेवटचा भाग तर माझ्यादेखत घडला. नावंही खरी आहेत, बदलू नकोस असं तिनेच सांगितलं.

ऑक्टोबर २०१८. मिसूरी राज्यातलं, सेडेलिया गावाच्या दक्षिणेचं एक खेडं.

लाव्होन आणि तिचा नवरा डेनी घर विकून कायमचे आरव्हीत राहायला निघाले होते. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. त्यात पलंग, शेगडी, संडास सगळं असतं, जागा तेवढी नसते. चार खोल्यांचा संसार त्यात कोंबायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. मीही त्यातून गेले आहे, म्हणून सांगते.

डेनीने जन्मभर धान्याच्या गोदामावर ट्रकांचं वजन करायचं काम केलेलं. त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू आधी काट्यावर चढायची. मग हिरवी पट्टी लागली तर न्यायची, लाल लागली तर देऊन टाकायची.

"अगं, हा बिडाचा तवा आठ पौंडांचा आहे!"

"आणि तुझं पोट? त्याला लाव आधी लाल पट्टी."

हसत-खेळत चाललं होतं. एका खोक्यावरून मात्र वाद घालायचा नाही, असं ठरलं होतं.

क्रिस्टीचा निळा खोका.

क्रिस्टी त्यांची एकुलती एक मुलगी. एकोणिसाव्या वर्षी बर्फावरून गाडी घसरली आणि गेली. त्याला सतरा वर्षं झाली होती, पण वरच्या मजल्यावरची तिची खोली लाव्होनने तशीच ठेवली होती. ती रिकामी करताना तिने एवढा एकच खोका भरला. शाळेच्या बँडचं जाकीट, क्लॅरिनेट, थोडी पत्रं, केसांचा ब्रश. बाकी सगळं लोक घेऊन गेले.

रिकाम्या खोलीत उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "घाबरू नको बाळा. तुला टाकून नाही जाणार मी."

डेनी दारात उभा होता. "तो खोका मी चढवतो," तो म्हणाला. "तू नको दमूस."

आठवड्याभराने त्याने खोका चिकटपट्टीने बंद केला, गाडीच्या पोटातल्या कप्प्यात ठेवला आणि कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाव्होन झाडू घ्यायला वर गेली...

खोका क्रिस्टीच्या दाराबाहेर होता.

"हा कशाला परत आणलास?"

"मी हातसुद्धा लावला नाही," डेनी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. लाव्होनला वाटलं, खोटं बोलताना पकडला गेला म्हणून.

तिने स्वतः खोका खाली नेला. कुलूप लावलं. किल्ली आपल्या खिशात टाकली.

पुढच्या सकाळी तो पुन्हा वर होता. किल्ली तिच्या खिशातच होती.

तिसऱ्या दिवशी डेनी ट्रकच्या चाकांत हवा भरून घ्यायला शहरात गेला. लाव्होन भर दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीवर सँडविच खात बसली होती. घरात पडदे नाहीत. घड्याळ नाही. फ्रिजची घरघरही गेलेली.

एवढी शांतता त्या घरात कधी नव्हती.

मग वर काहीतरी सरकलं...

सर्र...

थांबलं.

सर्र...

"डेनी?"

अंगणात त्याचा ट्रक नव्हता.

ती वर गेली. खोका दारातच. तिला वाटलं, पोरीला घर सोडवत नाहीये. रडू आलं तिला. निदान एकदा ते जाकीट पोटाशी धरावं, म्हणून तिने पट्टी फाडली.

आत नट-बोल्ट आवळायचे पाने होते. डेनीचे. आणि मासे पकडायची चकरी, आणि जुनी वर्तमानपत्रं.

जाकीट नव्हतं. काहीच नव्हतं.

तेव्हा लाव्होनला समजलं. पोरगी घर सोडायला नाही म्हणत नव्हती. ती सांगत होती, आई, यात मी नाही.

डेनी परतला तेव्हा ती खोक्याशेजारी जमिनीवर बसली होती.

"कुठे आहे?"

तो म्हणाला, "जाळलं. परसात कचरा जाळतो त्या पिंपात. जुन्या कागदांबरोबर."

"तू शब्द दिला होतास."

"सतरा वर्षं, लाव्होन! सतरा वर्षं मी त्या बंद दारावरून गेलो. मला एक तरी घर हवं होतं, जिथे ती नसेल."

"मग सांगायचं होतंस मला."

"तू ऐकलं असतंस? वजन बरोबर भरलं होतं मी. तुला कधी कळलंच नसतं."

हे लाव्होननेच मला सांगितलं. जाळलं ते एक वेळ सोसलं असतं, म्हणाली. पण काट्यावर मोजून फसवलं, आणि तेही ज्याच्या खांद्यावर पोरीसाठी रडले त्या माणसाने.

तरीही ती त्याच्याबरोबर निघाली. घर विकलेलं, दोन दिवसांत नवे लोक येणार. जाणार कुठे? निघताना दार उघडं धरून ती म्हणाली, "चल गं."

वरून कसलाच आवाज आला नाही.

जानेवारीत एका सकाळी आम्ही दोघी बाहेर कॉफी घेत बसलो होतो. तिचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. ते घर घेतलेली बाई बोलत होती, शेरिल.

"लाव्होन, रागावू नका हं... तुम्हाला मुलगी आहे का?"

"होती."



"मग ही कोण? रोज दुपारी जिन्यावर येऊन बसते. मला न्यायला कधी येणार, विचारते. आत्ताही बसली आहे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"फोन दे तिला," लाव्होन म्हणाली. "दे ना गं. पाया पडते तुझ्या."

चालण्याचा आवाज आला. मग पुटपुटणं. शेरिल परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ती नको म्हणते. म्हणते, आईसुद्धा पिंपाशी उभी होती... हात शेकत."

फोन बंद झाला.

मी लाव्होनकडे पाहिलं. "कागद जाळले त्या रविवारी फार गारठा होता," ती म्हणाली. "डेनी आणखी कागद आणायला आत गेला होता. पिंपाशी मी एकटीच होते. आत काय जळतंय, मला काय माहीत!"

हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. डेनीलाही नाही.

आमच्या इथे रोज संध्याकाळी शेकोटी पेटते. थंडी कितीही असली तरी लाव्होन येत नाही. परवा मात्र माझ्या दारात आली आणि विचारलं, परत जाऊन समजावलं, तर पोरगी ऐकेल का.