जांभई देणारा मुलगा

ही गोष्ट २०१९ सालची. द्वारका चौकाजवळच्या आमच्या गच्चीवर मी रविवारी मुलांना स्वतःचा अनुभव लिहायला शिकवायचे. माझी पद्धत साधी — आधी लिहायचं नाही, शेजारच्याला सांगायचं. त्याला कंटाळा आला, तर प्रसंग बदलायचा.

येवल्याची हर्षाली पहिल्याच दिवशी उशिरा आली. जागा उरली होती ती नामपूरच्या संतोषशेजारी. तिला अहमदाबादला कापडाचं डिझाइन शिकायचं होतं. अर्जासोबत अनुभव लिहून मागितला होता. गरिबी, कष्ट, पैठणीची थोर परंपरा... तिनं सगळं घडाघडा सांगितलं.

संतोषनं जांभई दिली.

"ए! जांभई काय देतोस?"

"खरं नही शे हे. भाषण शे," तो आपल्या बोलीत म्हणाला.

ती चिडून उठली. पुढच्या रविवारी मात्र त्याच्याच शेजारी येऊन बसली — पुन्हा भांडायला. हे भांडणच आहे ना? मला काही समजेना.

एकदा ती हळूच म्हणाली, "पदरावरचा एक मोर मी विणला होता. गिऱ्हाईक माझ्या वडिलांना म्हणालं, काय हात आहे तुमचा! दादा नुसते हसले... माझं नाव नाही घेतलं."

संतोष सरसावून बसला. "हेच लिही."

"दादांना वाईट वाटेल."

"मग आधी त्यांनाच वाचून दाखव."

एवढं बोलून तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. खालची वाहनं बघत.

"आता काय झालं?" तिनं विचारलं.

"हे वाचलं की अहमदाबादवाले तुला घेतीलच."

"मग... वाईट लिहू?" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

तो मागे न वळताच म्हणाला, "नको. जा तू अहमदाबादला."

ती चप्पल न घालताच जिना उतरली. मीही गोंधळले — पोरगं तिला हाकलतंय की काय?

तिची निवड झाली. दादा आता गिऱ्हाईकाला आधी लेकीचं नाव सांगतात. संतोष सटाण्याला शिक्षक झाला. गेल्या उन्हाळ्यात दोघं लग्नाची पत्रिका घेऊन आले.

"आधी कुणी विचारलं रे?"

"यानं कधी विचारलंच नाही, बाई! घरच्यांनीच ठरवून टाकलं."

"विचारलं होतं की," संतोष पुटपुटला.

"कधी?"

"जा म्हणालो... तेव्हाच."

हर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली. "असं विचारतात होय?" म्हणाली, आणि माझ्यादेखत त्याचा हात घट्ट धरला.