दाराशी ठेवलेली वीट

"माझ्या बहिणीनं जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणतात. साफ खोटं आहे!"

खुर्चीत बसायच्या आधीच ती बाई बोलून मोकळी झाली. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती. वहिनींनी तिच्यापुढे पाणी ठेवलं.

वहिनी खासगी तपासाची कामं करत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. ते वहिनींबरोबर हिंडत आणि टिपणं काढत. टिपणं सुरेख असत, उपयोगी पडतीलच असं नाही.

"ताई, पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

ताईंची धाकटी बहीण विद्यापीठात शिकत होती. एका प्राध्यापक मॅडमनी चार विषयांची चार मुलं निवडून संशोधनाचा गट केला होता. त्यात ती चौथी, जीवशास्त्राची. तळ्याच्या तळाचा गाळ नळ्यांत भरून कोल्ड रूममध्ये गोठवायचा आणि तपासायचा, हे त्यांचं काम.

"काल दुपारी चारला ती आत गेली आणि कोंडली गेली. उणे वीसमध्ये! पहारेकरी रोजच्यापेक्षा तासभर आधी फेरीला आला म्हणून जिवंत सापडली. अजून शुद्ध नाही."

"मग जीव द्यायला गेली असं कशावरून?"

"आत नोंदवही असते. मॅडम सगळ्यात आधी धावत आत शिरल्या, अंगावरची शाल काढून तिला गुंडाळलं, बाहेर आल्या त्या वही घेऊनच. शेवटची ओळ, 'सगळं संपलं. मला शोधू नका.' जाड हातमोज्यांमुळे आत सगळ्यांचंच अक्षर वेडंवाकडं, त्यामुळे कुणाचं ते कळत नाही. आज संध्याकाळी पोलीस प्रकरण मिटवणार." ताईंनी पाण्याचा पेला बाजूला सारला. "पण ज्यानं हे केलं, तो ती शुद्धीवर यायच्या आत परत आला तर? भीतीनं पाणी गिळवत नाही हो मला."

ताई दोघांना विद्यापीठात घेऊन आल्या. कोल्ड रूम तळघरात होती. गटातली अभियांत्रिकीची मुलगी दाराशी उभी होती. मॅडम मुलांना विषयानंच हाक मारत, म्हणून तिला सगळे 'यंत्र' म्हणत.

"दार ओढलं की बाहेरचं लॅच आपोआप लागतं," ती म्हणाली. "आतून उघडायचं बटण पंधरा दिवस बंद आहे. मॅडमना लेखी कळवलंय. तोवर दाराला ही वीट लावूनच आत जायचं असं आम्ही ठरवलं."

"काल वीट कुठे होती?"

"भिंतीशी. नीट ठेवलेली."

वहिनींनी वीट लावली. "भावोजी, ही हलली तर तुमची खैर नाही."

"मी वर पायच ठेवून उभा राहतो!"

आत श्वास नाकातच गोठल्यासारखा झाला. दाराला लागूनच नोंदवहीची फळी, वर खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला पेन्सिलीचं थोटूक. वहिनी वळल्या आणि जागच्या जागी थबकल्या. दाराच्या आतल्या बाजूला बर्फाचा पातळ थर होता आणि त्यावर हातांचे ठसे होते. वीस-पंचवीस तरी असतील, खाली खाली सरकत गेलेले.

बाहेर आल्यावर वहिनी बराच वेळ हात चोळत राहिल्या. "मरायला गेलेली पोर दार बडवत नाही," त्या म्हणाल्या.

नोंदवही प्रयोगशाळेतल्या टेबलावर होती. पानामागून पान करडं, फिसकटलेलं.

"अरेरे, काय ही अक्षरं! शेवटची ओळही तशीच वेडीवाकडी, पण तेवढी निळी, ठसठशीत," भावोजी म्हणाले.

'रसायन' कानामागे पेन्सिल खोचून नळ्या धूत होता. "हो, भांडलो होतो आम्ही. शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, यावरून. म्हणून काय कोंडीन तिला? चारला मी इथेच होतो. एकटा."

'आकडे' म्हणजे संख्याशास्त्राचा मुलगा. वरच्या मजल्यावर संगणकापुढे बसलेला. "मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही, थंडी बाधते मला. दर शनिवारी ती वही उतरवून घेतो फक्त. पेन्सिलीचं पुसट वाचून डोळे फुटायची वेळ आलीय."

"धाकटी अलीकडे काही म्हणाली?"

तो घुटमळला. "तीन दिवस नळ्या मोजत होती. अहवालात साडेचारशे, आत नव्वदच. मी म्हटलं, रसायननं वितळवून संपवल्या असतील. तर म्हणाली, बैठकीत विचारते. विषय लिहूनही दिला होता तिनं."

"कुणाकडे?"

"बैठकीचे विषय मॅडमकडेच जातात."

वहिनी ताडकन उठल्या. "ताई, आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"मॅडम. त्यांनीच मला पाठवलं. म्हणाल्या, जा तू निश्चिंत, मी बसते."

"भावोजी, रिक्षा! आणि फौजदारांना फोन लावा. पोरा, त्या दोघांना घेऊन तूही मागोमाग ये."

वाटेत ताई नुसती टेप बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

इस्पितळातल्या खोलीचं दार बंद होतं. वहिनींनी ते ढकललं. पलंगाशी मॅडम बसल्या होत्या आणि धाकटीची उशी त्यांच्या मांडीवर होती.

"उंच होत होती तिला, म्हणून काढली," मॅडम हसून म्हणाल्या.

ताईंनी उशी हिसकावून घेतली. धाकटीची छाती वरखाली होत होती. मागोमाग तिन्ही मुलं आणि फौजदार आले.

"एकच शंका आहे, मॅडम," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही जाता का कोल्ड रूममध्ये?"

"म्हणजे काय! रोज. मुलांच्या खांद्याला खांदा लावून काम करते मी."

"मग आत नोंद कशानं करता?"

मॅडमनी पर्समधून निळं पेन काढलं. "यानंच. कित्येक वर्षं हेच."

तिन्ही मुलं एकमेकांकडे बघू लागली. यंत्र अडखळत म्हणाली, "मॅडम, आत पेन चालत नाही. शाई गोठते."

मॅडमनी पेन परत पर्सकडे नेलं.

"सगळी वही पेन्सिलीची, शेवटची ओळ तेवढी शाईची," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे ती बाहेर लिहिलेली. आणि लिहिणाऱ्याला आतली रीत ठाऊक नव्हती. रसायनच्या कानामागे पेन्सिल असते. यंत्र रोज त्या दाराशी असते, शाईचं तिनंच सांगितलं. आकडे आत जात नाही, पण दर शनिवारी तेच पुसट वाचतो. यातल्या कुणीही शाई वापरली नसती. उरलात तुम्ही. गट तुमचा, अहवाल तुमचा, पण कालपर्यंत कित्येक वर्षांत त्या खोलीत पाय नाही तुमचा."

"वही तर आतच सापडली," फौजदार म्हणाले.

"कुणाला? आत आधी धावल्या त्या याच. वही शालीखाली होती. दारातून हात घालून फळीवरची वही काढली, वीट बाजूला केली, दार ओढलं, ओळ केबिनमध्ये लिहिली, आणि सुटकेच्या गडबडीत वही 'सापडवली'. साडेचारशेपैकी तीनशे साठ नळ्या कधी भरल्याच नव्हत्या, आणि ती पोर हे चारचौघांत विचारणार होती."

"माझं उभ्या जन्माचं काम..." मॅडम पुटपुटल्या. फौजदारांनी पेन रुमालात घेतलं आणि त्यांना बाहेर नेलं.

भावोजी खाली मान घालून म्हणाले, "चित्रकलेचा मास्तर मी, वहिनी. निळी ओळ म्हणालो, आणि पुढे गेलो!"

"बघितलंत तुम्हीच की आधी."

तेवढ्यात पलंगावर हालचाल झाली. धाकटीनं डोळे किलकिले केले. बोटं चादरीवर खाली खाली सरकत होती, बडवल्यासारखी.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "दार उघडं ठेव."

ताईंनी पायातली चप्पल काढली आणि दाराच्या फटीत सारली. मग अनवाणीच येऊन तिच्या उशाशी बसल्या.