हलकं चाक

दुपारचे तीन वाजले होते. धारपासून दोन कोसांवर, निंबोळ्याच्या तलावाच्या बांधावर, आठ माणसांना न हलणारं लोखंडी चाक एका माणसाच्या हाताखाली फिरलं.

आवाज न करता.

साल १९११. भाऊबीजेचा दिवस. लख्ख ऊन होतं. रात्र नव्हती, अंधार नव्हता, कुणी प्यायलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

चाकाजवळ माझे आजोबा उभे होते. त्यांचं नाव नीलकंठ. संस्थानी नोकरीत ओव्हरसियर होते. ही हकीकत त्यांनी मला अनेकदा सांगितली. इतक्या वर्षांत तिच्यात एक शब्द वाढला नाही आणि एक कमी झाला नाही. म्हणून मी ती खरी मानतो.

चाक फिरलं तेव्हा खाली विहिरीच्या तळाशी माझ्या आजीचा एकुलता एक भाऊ होता.

आधी विहीर कशी होती ते सांगतो. बांधाला लागून दगडी बांधकामाची खोल विहीर. तलावाचं पाणी तळाजवळच्या झडपेतून या विहिरीत यायचं आणि तिथून बांधाखालच्या मोरीतून कालव्यात जायचं. झडप बंद असली की विहीर कोरडी. झडप उचलायची ती वरच्या चाकानं, दोन्हींना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावाटे; तलाव भरलेला असला की त्याला दहा-बारा माणसं लागायची. विहिरीचं तोंड फरशांनी झाकलेलं, माणूस उतरेल एवढी एकच चौकोनी जागा उघडी. आत भरदुपारीही काळोख.

त्या पावसाळ्यानंतर विहिरीची भिंत झिरपायला लागली. गवंड्यानं आदल्या दिवशी चुना भरला होता. तो नीट बसला की नाही, ते कुणीतरी उतरून बघणं भाग होतं. सणाचा दिवस असला तरी झिरपणं थांबत नाही.

सकाळी आजीनं आजोबांना बजावलं होतं. आजीचं नाव मालन.

"अहो, आज तरी चिंतूला विहिरीत उतरवू नका."

चिंतू म्हणजे चिंतामणी. बावीस वर्षांचा. आजोबांच्या हाताखाली काम शिकत होता.

तो हसला. "ताई, कोरड्या विहिरीत कुणी बुडतं का?"

"कोरडी आहे हे ठरवायचं कुणी? तू?"

"तो नाही, चाक ठरवतं," आजोबा म्हणाले. "संध्याकाळी तुझा भाऊ तुझ्यासमोर पाटावर आणून बसवतो. मग तर झालं?"

हा शब्द त्यांनी दिला होता.

बांधावर पोचल्यावर त्यांनी चिंतामणीला चाक म्हणजे काय ते समजावलं.

"झडपेची फळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद. तिच्यावर पाणी उभं आहे वीस फूट. एक घनफूट पाण्याचं वजन साडेबासष्ट पौंड. कर हिशेब."

चिंतामणीनं ओठ हलवत गुणाकार केला. "पाच हजार पौंड."

"म्हणजे साठ मण."

"एवढ्याशा फळीवर? तलाव मोठा आहे म्हणून होय?"

"तलाव मोठा की लहान, त्यानं काही होत नाही. डोक्यावर किती फूट पाणी उभं आहे, तेवढंच बघायचं. एका बाजूनं साठ मण दाबतात आणि पलीकडे कोरडं. मग फळी खाचेत रुतून बसते. म्हणून चाक जड."

"आणि पलीकडंही तेवढंच पाणी असलं तर?"

"मग दोन्हीकडून सारखा दाब. फळीचं आपलं वजन तेवढं उरतं. एकटा माणूस फिरवील."

म्हणून तिथं एक शिस्त होती. माणूस उतरण्याआधी, आणि तो आत असेपर्यंत अधूनमधून, चाकाला जोर लावून बघायचं. चाक जड, तर विहीर कोरडी. चाक हलकं, तर विहीर भरलेली.

हे काम भेरूकडे होतं. भेरू तिथला जुना चाकवाला. मोठा अंगापिंडाचा माळवी माणूस.

चिंतामणीनं कमरेला दोर बांधला. "भेरू भिया, माझा जीव तुमच्या हातात बरं का."

"म्हारा हाथ में नी बाबूजी, चक्का में हे."

भेरूनं सगळं अंग टाकून चाक रेटलं. ते तसूभरही हललं नाही. विहीर कोरडी. चिंतामणी कंदील घेऊन भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरला.

कंदील एकच होता.

थोडा वेळ त्याच्या शिट्टीचा आवाज वर येत होता. मग शिट्टी थांबली.

भेरूनं सवयीनं पुन्हा चाकावर अंग टाकलं आणि तो तोंडावर पडता पडता वाचला.

"साब... यो तो फिरी रियो हे."

चाक फिरलं होतं. झडप दोन बोटं वर उचलली गेली होती. आत माणूस असताना.

आता खाली काय व्हायला हवं, ते आजोबांना चांगलं ठाऊक होतं. वीस फुटांखालचं पाणी त्या फटीतून गर्जत आत घुसायला हवं. बांधाच्या फरशा थरथरायला हव्या.

काहीच झालं नाही...

तलावावरचे बगळेसुद्धा जागचे हलले नाहीत.

आजोबा उघड्या जागेकडे धावले. "चिंतू!"

"ओ, भाऊजी!"

"पाणी आलं?"

"कुठलं पाणी? इथं सगळं कोरडं आहे. चुना तेवढा ओला आहे अजून."

आवाज स्वच्छ होता. खाली कंदिलाचा पिवळा उजेड दिसत होता. स्थिर.

आजोबांना वाटलं, चाकाचा दांडा तुटला असेल, म्हणून ते नुसतंच फिरतंय. त्यांनी स्वतः चाक उलटं फिरवलं. फळीचं वजन हाताला नीट लागत होतं. फळी खाली जाऊन टेकल्याचंही हाताला कळलं. दांडा शाबूत होता.

त्यांनी भेरूला कालव्याकडे पिटाळलं. विहिरीत पाणी असेल तर ते मोरीतून बाहेर पडणारच.

भेरूनं खालून ओरडून सांगितलं, "साब, सूको हे! कुतरो सूतो हे इणमें!"

कालवा कोरडा. त्यात कुत्रं झोपलेलं. आतला माणूस म्हणतोय कोरडं. एक चाक तेवढं म्हणत होतं की विहीर तलावाएवढीच भरली आहे.

आणि हिशेब चाकाच्या बाजूनं होता.

आजोबांनी एक खडा उचलला. सुपारीएवढा. उघड्या जागेतून आत सोडला. कोरड्या दगडावर पडला तर ठक् वाजेल. पाण्यात पडला तर डुबुक.

ते कान देऊन थांबले...

दोन्हींपैकी काहीच वाजलं नाही.

मग खालून चिंतामणीचा आवाज आला. जरा कौतुकानं बोलल्यासारखा.

"खडा टाकलात होय, भाऊजी? दिसतोय मला... हळूहळू येतोय खाली."

आजोबांनी दोराला हात घातला. हवेत कुठलाच खडा हळूहळू येत नाही.

"दोर घट्ट धर, चिंतू! आत्ताच्या आत्ता वर ये!"

भेरू धावत वर आला होता. दोघं दोर ओढू लागले. सुरुवातीचा दोर कोरडा आला. मग एका जागेपासून पुढं... ओला. निथळणारा. आजोबांनी मान वळवून तलावाकडे पाहिलं. दोर जिथून ओला झाला होता ती पातळी आणि तलावाच्या पाण्याची पातळी एकच होती.

दोराच्या टोकाला ओझं होतं, पण अगदी हलकं. पाण्यातला माणूस ओढताना लागतो तसं. पाण्याबाहेर निघाला की तोच माणूस एकदम जड होतो. त्या हिसक्यासाठी दोघांनी पाय रोवले.

हिसका आलाच नाही.

शेवटी भेरू एका हातानं ओढत होता.

चिंतामणी वर आला. अंगावरचा सदरा कोरडा, केस कोरडे. हातातला कंदील जळत होता.

"काय झालं? तोंडं का अशी तुमची?"

भेरू रडत हसायला लागला. आजोबांनी चिंतामणीच्या कमरेचा दोर सोडला. मालनचा भाऊ जिवंत होता. दिलेला शब्द राहिला होता.

मग त्यांची नजर उघड्या जागेकडे गेली.

खाली उजेड होता...

पिवळा. स्थिर.

कंदील एकच गेला होता. तो चिंतामणीच्या हातात होता.

"भाऊजी," खालून आवाज आला. "दोर का काढून घेतलात? सोडा ना खाली."

तोच आवाज. तीच बोलण्याची ढब.

आजोबांनी शेजारी पाहिलं. चिंतामणीनंही ते ऐकलं होतं. तो उघड्या जागेकडे बघत नव्हता.

"आवाज घुमतोय आत," तो म्हणाला. "चला घरी. ताई वाट बघत असेल."

"भाऊजी, थट्टा पुरे आता. ताई रागवेल. दोर सोडा."

आजोबांनी दोर पुन्हा खाली सोडला. क्षणभर तो सैल लोंबत राहिला.

मग कुणीतरी खालून तो हलकेच ओढला. दोनदा. मी तयार आहे, अशी खूण करतात तसा.

भेरू मागं सरकला. "नी साब. एक गयो थो, एक अइ ग्यो." एक गेला होता, एक वर आला, एवढंच त्याचं म्हणणं.

आजोबांच्या खांद्यावर हात पडला. चिंतामणीचा हात. कोरडा आणि गार.

"चला," तो म्हणाला.

आजोबांना दोर ओढवला नाही. काढूनही घेववला नाही. त्यांनी वरचं टोक बांधावरच्या लोखंडी कडीला पक्कं बांधलं, दोर तसाच आत लोंबता ठेवला आणि एका चिंतामणीला घेऊन घरी आले.

संध्याकाळी आजीनं भावाला पाटावर बसवून ओवाळलं. ती म्हणायची, त्या दिवशी निरांजनाची वात एकदाही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा माणसं घेऊन तलावावर गेले. चाक जड होतं. आठ जणांना हललं नाही. चार कंदील घेऊन माणसं उतरली. तळ कोरडा, चुना भिंतीत नीट बसलेला. मधोमध सुपारीएवढा खडा.

माणूस नव्हता. दोर लोंबत होता. खालून अर्धा ओला.

महिन्याभरात आजोबांनी ती नोकरी सोडली आणि सगळे देवासला आले. चिंतामणीही आला. तो चांगला वागायचा. सगळं त्याच्या लक्षात होतं, लहानपणच्या खोड्यासुद्धा. एकदा मात्र आजीनं स्वयंपाकघरात आजोबांना हळूच विचारलं.

"झोपाळा करकरतो ना, कुणीही बसलं की?"

"हो."

"चिंतू बसला की करकरत नाही."

आजोबा उठून बाहेर निघाले. तेव्हा आजीनंच त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही ओढला नाहीत."

एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

पण पुढच्या भाऊबीजेपासून ती दोन पाट मांडायची. एकावर चिंतामणी बसायचा. दुसरा रिकामा. ओवाळायची दोन्ही पाटांना. आधी रिकाम्या पाटाला. चिंतामणी हसतमुखानं बघत बसायचा. रिकामा पाट कुणासाठी, हे त्यानं कधीच विचारलं नाही.

आणि आजोबा दर भाऊबीजेला पहाटे निघून निंबोळ्याला जायचे. जुना दोर काढायचे, नवा बांधून आत सोडायचे.

चिंतामणी १९४९ साली वारला. तापानं, अंथरुणावर, चार लोक जातात तसा. माझे वडील खांदा द्यायला होते. ते सांगायचे, तिरडी उचलताना चौघांचेही खांदे एकदम वर उसळले. रिकामी घागर भरलेली समजून उचलावी तसे.

आजोबांनंतर दोराचं काम वडिलांकडे आलं. आता ते माझ्याकडे आहे. हे मी का करतो, ते मला नीट सांगता येत नाही. तलाव अजून भरतो. कालवा मोडला आहे, विहीर कोरडीच असते. मी टॉर्च मारून बघतो. तळ दिसतो. तरी दरवर्षी दोर खालून अर्धा ओला निघतो. त्याचं खालचं टोक मी नेहमी सुटं सोडतो.

गेल्या भाऊबीजेला, दुपारी, मी जुना दोर वर ओढला.

टोकाला फास होता...

माणसाच्या कमरेएवढा. गाठ पक्की मारलेली.

मी चाकाला हात लावला. गंज चढलेलं ते चाक एका बोटानं फिरलं.

मी नवा दोर बांधून आत सोडला आणि परत आलो. तो अजून तिथंच आहे. ओढून पाहिलेला नाही.