एक ठोका, दोन ठोके

हिवाळ्यापुरतं घर बंद करायचं म्हणजे नुसतं कुलूप घालून भागत नाही. पाइपांत पाणी राहिलं की ते गोठतं, पाइप फुटतात आणि परत यावं तर घरात तळं. म्हणून मास्तरीणबाई दरवर्षी तळघरात उतरून मेन कॉक बंद करायच्या आणि पायपंपाने पाइपांत हवा मारायच्या. त्यांचे यजमान वरच्या न्हाणीघरात, उघड्या नळापाशी उभे असत. त्यांची हाक खाली पोचत नसे, आणि पोचली तरी बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत. शेवटी ते पाइपवर पाना वाजवू लागले. एक ठोका म्हणजे पाणी आहे अजून, चालू दे. दोन म्हणजे संपलं, ये वर.

यजमान उन्हाळ्यात गेले. यंदा मुलगा न्यायला आला होता.

"बॅगा गाडीत टाकतो आणि नळापाशी जाऊन उभा राहतो. तू हो खाली," तो म्हणाला.

बाईंनी खुर्च्यांवर चादरी घातल्या, फ्रीज पुसून त्याचं दार उघडं ठेवलं. हात सवयीने चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. चाळीस वर्षं ज्यांच्याशी संसार केला, त्यांना या रिकाम्या घरात एकटं टाकून कसं जायचं? मुलाला हे सांगितलं असतं तर त्याने आधी डॉक्टर गाठला असता.

तळघरात ओल्या मातीचा वास होता. जमिनीलगतच्या झरोक्यातून दुपारचं फिकट ऊन आत येत होतं. बाईंनी पंपावर पाय ठेवला. पाइप गुरगुरला.

टण्.

त्यांनी आणखी हवा मारली. पुन्हा एकच ठोका. मग बराच वेळ नुसती सूं सूं... आणि टण्, टण्.

'शिकला की पोरगा,' असं म्हणत त्या वळल्या, आणि पाना समोरच्या खिळ्यावर टांगलेला दिसला. घरात पाना तेवढा एकच. झरोक्याबाहेर, गाडीपाशी, मुलाचे बूट दिसत होते.

"आई, ही बॅग मावतच नाहीये," तो बाहेरून म्हणाला. "आता जातो वर."

बाई पायरीवर बसल्या.

"नको जाऊस... पाणी संपलंय."

"तुला कसं कळलं?"

"कळलं."

निघताना त्यांनी गार पाइपवर तळवा ठेवला. "मी निघते," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही राहताय... की येताय?"

पाइप गप्प होता. त्यांनी कुलूप लावलं आणि वाटभर डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, त्या पलंगावर बसून बॅग उपसत होत्या. उशाच्या भिंतीतून आवाज आला.

टण्.

सून चहा घेऊन आली, तेव्हा बाई भिंतीला कान लावून बसल्या होत्या.

"तुमच्याकडे पाइप फार वाजतात का गं?"

"या भिंतीत पाइप नाहीत, आई. नळ सगळे त्या बाजूला. इथे पलीकडे नुसती मोकळी हवा."

"असू दे," बाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी हसल्या.

भिंत मात्र तळघरातल्या पाइपइतकी गार होती. तिला हात लावून त्या दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिल्या. तो आला नाही. म्हणजे अजून चालू दे. मग त्यांनी कप उचलला आणि सुनेकडे आणखी अर्धा कप चहा मागितला.