आनंदाबाईचा टाक

यातलं काहीही पदरचं नाही. ज्या विठ्ठलासमोर मी रोज टाळ धरते, त्याच्यासमोर उभी राहून हेच सांगेन.

मंजुषा माझी मामेबहीण. देवळीकडच्या एका गावाची सरपंच. गावांची नावं तेवढी बदलली आहेत. गेल्या माघातल्या एकादशीची संध्याकाळ होती.

वडपाणी आणि खैरखेडा. मध्ये एक नाला आणि कपाशीची वावरं.

जुन्या काळातले कीर्तनकार डोमाजीबुवा दोन्ही गावांचे. पहिला संसार मंजुषाच्या वडपाणीत, आनंदाबाईबरोबर. ती ऐन तारुण्यात गेली. मग बुवांनी खैरखेड्याच्या रामबाईशी लग्न केलं आणि तिकडेच घर बांधलं.

परिसरातल्या पाच ग्रामपंचायतींनी मिळून आराखडा केला. रस्ते, पाणी, कचरा, सगळं एकत्र. बुवांचं जुनं घर दुरुस्त करायलाही निधी होता... पण दोन्ही गावांतल्या मिळून एकाच घरासाठी.

खैरखेड्याच्या सरपंच सुरभीनं मंजुषाला बैठकीआधीच गाठलं. "ताई, रस्ता पहिले तुमच्या गावाले देऊ. घराच्या वक्ताले तुम्ही आमच्यासाठी हात वर करा."

मंजुषानं हात वर केला.

रस्ता झाला. त्याच रस्त्यानं जाता-येता ती खैरखेड्याचं घर नवं होताना पाहायची. सागवानी खांबांना तेल. नवी कौलं. चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र भिंती.

आणि वडपाणीत आनंदाबाईच्या घरावर माकडं नाचत होती. छप्पर कधीच बसलं होतं. मंजुषा तिथं दर एकादशीला दिवा लावायची.

जळायची ती. पोळी लाटतानाही जळायची.

माघातल्या त्या एकादशीला खैरखेड्याच्या घराचं उद्घाटन. ओसरीवर कीर्तन. सुरभी दारातच भेटली.

"या ताई. रस्ता बरा हाये न? आता रोज येत जा आमचं घर पाहाले."

"येईन नं बाई. माह्याच हातानं तं उभं राह्यलं."

दोघी हसल्या. तसलं हसू आपण बायका ओळखतो.

आत कोनाड्यात बोटभर चांदीचा टाक ठेवला होता. जुना चुना खरवडताना सापडलेला. त्यावर एका बाईची आकृती.

"आनंदाबाई हाये हे," सुरभी म्हणाली. "रामबाईच्या गळ्यात राहे."

जुनी रीत आहे. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं. ताटातला घास आधी तिला. नाहीतर सवत रुसते.

मंजुषाच्या मनात एकच आलं... आमच्या गावची सून. तीसुद्धा यांच्याच घरात!

कीर्तनाला आलेले बुवा मत्सरावरच निरूपण करत होते. काय गोड गळा होता! मी पुढे डोळे मिटून बसले होते. मंजुषा केव्हा उठली, केव्हा आत गेली, मला कळलंच नाही.

टाक तिनं पदरात बांधला. घरी आणून आपल्या देव्हाऱ्यात ठेवला. आनंदाबाईच्या घराला छप्पर होईस्तोवर राहू दे इथं, म्हणाली. दिवा लावला. हळदीकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती अंगणात होती. लेक नागपूरला शिकायला. नवरा अजून यायचा होता.

स्वयंपाकघरातून... बांगड्या वाजल्या.

ती आत गेली. कोणी नव्हतं.

मग तिनं कपाट उघडलं. कोरी साडी होती, अजून एकदाही न नेसलेली.

तिची घडी... मोडलेली.

निऱ्यांच्या चुण्या पडल्या होत्या. हात लावला तर कापड उबदार लागलं.

नवरा अंकुश कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. थट्टेखोर माणूस. टाकाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. हात धुऊन पाटावर बसला. "काऊन वं सरपंचबाई, भाजी वाढाले बी ठराव लागते का?"

ती हसत भाजी घेऊन वाकली.

त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"आधी तिले वाढ."

"कोणाले?"

तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला... आपल्या माणसाकडं पाहावं तसं.

तेव्हा मंजुषाला कळलं. जी बाई त्या टाकाला घरात दिवा लावते, ती आनंदाबाईची सवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ती खैरखेड्याला गेली. टाक कोनाड्यात ठेवला. डोकं टेकवलं. "बाई, चुकलं माह्यं. तू आता इथंच राह्यजो."

दिवेलागणीला घरी आली. देव्हाऱ्यातला दिवा लागलेला होता. अंकुशनं जन्मात दिवा लावला नव्हता.

पाट तीन मांडलेले.

"काऊन बसले असे? जेवा न."

"थांब जरा," तो म्हणाला. त्याचे डोळे तिच्या खांद्यावरून दाराकडे. "ते तुह्या मागंच येऊन राह्यली."

मंजुषानं मागं पाहिलं नाही.

टाक आजही खैरखेड्यातच आहे. मी स्वतः पाहून आले. मंजुषाकडं गुरुजी येऊन गेले, भजन झालं, सप्ताह झाला. कीर्तनाच्या बुवांनी दिलेला अंगारा मी स्वतः उंबऱ्याला लावला.

परवा संध्याकाळी तिच्याकडं गेले होते. हरिपाठ म्हणत दोघी ओसरीवर बसलो. आत स्वयंपाकघरात अंकुशभाऊजी हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होते. मध्येच हसले. नव्या नवऱ्यानं हसावं तसं.

मंजुषा माझ्या शेजारीच बसली होती.

तिचा हरिपाठ थांबला होता. मान कलती करून ती... ऐकत होती.