बाहेर बसलेला पंच

पहिल्या भेटीतच त्याने तिला पिवळं कार्ड दाखवलं.

चूक तिचीच होती. मुलांच्या फुटबॉल लीगचा सामना रंगात आला होता आणि ती मैदानाच्या कडेला, चिखलात पालथी पडून फोटो काढत होती—पोरांच्या उंचीवरून. सरकता सरकता रेषा कधी ओलांडली, कळलंच नाही. शिट्टी वाजली. समोर काळे मोजे, आणि वर, भुरभुर पावसात, एक कमालीचा गंभीर चेहरा.

"बाई, तुम्ही मैदानात आहात."

"मी? मी तर... आडवी आहे."

"आडव्या असलात तरी आत आहात."

आणि कार्ड! पोरं खो-खो हसली. तीही हसली. कितीतरी दिवसांनी, आणि तेही पोटाखाली डबकं घेऊन.

तिला ते कंत्राट हवं होतं. हंगामभर लीगच्या सगळ्या पोरांचे फोटो. अर्ज करणाऱ्यांनी शनिवारी सामन्यांना येऊन नमुने काढायचे, मग समिती एकाला निवडणार. समोर होता बाजारातला मोठा स्टुडिओवाला, मदतनिसांची फौज घेऊन फिरणारा. हिच्याकडे एक चिंचोळं दुकान, मागे एक खोली, आणि पासपोर्टच्या फोटोसाठी बसणारी माणसं, ज्यांना हसायची बंदी. संध्याकाळी शटर ओढलं की ती उगाच खाकरून बघायची. आवाज शाबूत आहे ना!

ताईचा फोन यायचा.

"कुणी भेटलं का गं?"

"भेटतात की. पापणी न लवता माझ्याकडे बघतात."

"अय्या! मग?"

"मग फोटो घेऊन जातात."

पैसे हवेच होते. पण खरं सांगायचं तर तिला ते शनिवार हवे होते. "फोटोवाल्या मावशी, माझा काढा ना" असं कुणीतरी लांबून ओरडतं, ते हवं होतं. कंत्राट गेलं की शनिवारही गेले.

मध्यंतरात तो पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ येऊन उभा राहू लागला.

"गोल तिकडे होतात, बाई. तुमचा कॅमेरा सदान्‌कदा राखीव पोरांच्या बाकाकडे."

"गोल करणाऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. या पोरांच्या आया अल्बम उघडतात तेव्हा आत सगळी दुसऱ्यांची पोरं."

तो बघत राहिला. बाकाकडे नाही.

"आणि तुम्ही?" तिने घाईघाईने लेन्स पुसायला घेतली. "एरवी काय करता?"

"चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासतो."

तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणाचे तरी बाबा गरजले, "ए पंच, आंधळा आहेस का रे?"

"गिऱ्हाईक आहे माझं," तो शांतपणे म्हणाला. "यंदा नंबर वाढलाय."

ती इतकी हसली की लेन्सचं झाकण खाली पडलं. दोघंही एकदमच वाकली.

"राग नाही येत तुम्हाला?"

"शनिवारी निदान शिव्या तरी मिळतात. रविवारी घरात त्याही कुणी देत नाही."

बोलला हसण्यासारखंच. पण दोघांपैकी कुणीच हसलं नाही. त्या रात्री तिला खोलीतल्या शांततेचा पहिल्यांदा राग आला. एरवी शांतता नुसती असायची, फर्निचरसारखी.

पुढच्या शनिवारी पाऊस जोरात आला. तो धावत आला आणि स्वतःचं जॅकेट तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला, स्वतः निथळत.

"कॅमेऱ्यासाठी धरलंय," तो म्हणाला.

"कळलं."

"म्हणजे... थोडं तुमच्यासाठीही."

निवडीच्या दिवशी ती आपले फोटो घेऊन लीगच्या कचेरीत शिरली. टेबलामागे अध्यक्षबाई, चिटणीस आणि... तो! ती हसली. पण तो तिला बघताच उठला, अध्यक्षबाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि मान खाली घालून बाहेर निघून गेला. दार लागलं.

म्हणजे जॅकेट कॅमेऱ्यासाठीच होतं तर.

तिने फोटो मांडले. बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधणारा मुलगा. नाव पुकारलं जाईल म्हणून बाकावरून अर्धवट उठलेली मुलगी. अध्यक्षबाई त्या मुलीपाशी थांबल्या, बराच वेळ.

"ही आपल्याच लीगमधली? मी कशी कधी पाहिली नाही हो हिला?"

तिथेच निकाल लागला. कंत्राट तिला मिळालं.

दाराशी येऊन तिने ताईला फोन लावला. व्यस्त. दुसरा कुणाला लावावा म्हणून नावं खाली सरकवत गेली—कागदवाला, वीजवाला, घरमालक. एवढी गोड बातमी, आणि ती ऐकवायला कुणी नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला.

"एक सांगायचं राहिलं," मागून अध्यक्षबाई आल्या. "पंचांचं मत मोजलेलं नाही हं. ते बाहेर गेले ना."

"बघितलं मी," ती म्हणाली. आवाज शक्य तितका सरळ ठेवून.

"नियमच आहे. अर्जदाराशी नातं असलं तर मत द्यायचं नाही. मी विचारलं, नातं आहे का? तर म्हणतात कसे..." अध्यक्षबाई गालातल्या गालात हसल्या. "म्हणतात, 'अजून नाही.'"

तो बाहेर खालच्या पायरीवर बसला होता. छपरातून गळणारं पाणी खांद्यावर घेत. जागा बदलायचंही सुचलेलं नव्हतं. तिला पाहून धडपडत उठला.

"मिळालं?"

"मिळालं. तुमच्या मताशिवाय."

"मला सकाळीच कळलं. खजिनदार आजारी, अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही बसा समितीवर. तुम्हाला सांगायला हवं होतं, पण सांगणार काय... म्हणजे कसं..."

"पुढच्या वर्षी पुन्हा निवड असेल?"

"असते. दर वर्षी."

"तेव्हाही बाहेर बसाल?"

मैदानात निमिषात निकाल देणारा माणूस. आता शब्द शोधत होता आणि कान लाल झाले होते.

"बसेन. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

"आणि अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं, नातं आहे का, तर?"

त्याने डोळे घट्ट मिटले. "सांगितलं त्यांनी तुम्हाला..."

"सांगितलं." ती पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी, गळत्या छपराखाली येऊन उभी राहिली. "पुढच्या वर्षी दोन शब्द नका खर्च करू. एकच पुरेल."