दगडाबाईची कणगी

दिवस मावळायच्या आत राणी हाजराबीच्या दुकानातनं फुटक्या बांगड्या ओटीत घालून घरी निघाली. उंदराचं बीळ बुजवायचं तर चिखलात बांगडीची काच कालवायची, ही तिच्या सासूची, दगडाबाईची रीत.

काय बाई होती! कडबाकुट्टीत मधलं बोट गेलं, तरी उरलेल्या चार बोटांनी असं लिंपण दाबायची की उंदराची तिथं परत तोंड घालायची छाती नव्हती. आटपाडीकडच्या माळावर पाऊस कितीदा दगा देऊन गेला, पण तिच्या कणगीतलं शाळूचं बियाणं कधी सरलं नाही. ते वाण दुकानात मिळत नाही. आता उरलंय ते त्या एका कणगीत.

दगडाबाई गेली तेव्हा जीव सोडला त्या जागेवर पीठ पसरून वर टोपली पालथी घातली. मेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याचं पाऊल उमटतं म्हणतात. टोपली उचलली तर उंदराची पावलं! पिठावर उंदीर येणार नाही तर काय हत्ती येईल? पण बिराप्पानं, तिच्या लेकानं, हातच जोडले. तेव्हापासनं घरात सापळा नाही की औषध नाही. उंदीर माजले. पेरणी तोंडावर आली आणि ते कणगीपर्यंत पोचले.

राणी आली तर लाईट गेलेली. मागच्या खोलीत उंदरांच्या मुताचा उग्र वास, आणि कणगीमागं सारखं कुरकुर, कुरकुर. मोबाईलची बॅटरी लावून ती माती कालवायला बसली.

"राणे, नको गं," बिराप्पा दारातनं म्हणाला. "आई हाय ती..."

"आवं, जलमभर उंदराच्या मागं काठी घिऊन पळालेली बाई उंदीर हुईल व्हय? तिनं ऐकलं तर तुमच्याच पाठीत घालंल!"

तेवढ्यात कुरतडणं थांबलं. एकदम.

भिंतीतनं आवाज आला. थप्... थप्... ओल्या चिखलावर तळहात मारावा तसा.

"कोण... कोण हाय?" बिराप्पानं विचारलं.

भिंतीच्या आत चिरचिर झाली, आणि तीही विझली.

राणीनं कणगीमागं उजेड धरला. भिंतीतली सगळी बिळं बुजलेली. लिंपण ओलं, त्यात हिरव्या काचा चमकत होत्या. तिच्या ओटीतल्या सगळ्या लाल होत्या, आणि जशाच्या तशा.

बिराप्पानं दारातनंच हात जोडले.

"वाचलं बियाणं, आत्याबाई," राणी हळूच म्हणाली, आणि तिनं लिंपणावर हात ठेवला.

बोटांच्या खुणा खोलगट नव्हत्या. चार उंचवटे होते, मधलं बोट नव्हतं. लिंपण आतल्या बाजूनं दाबलेलं होतं.